सुट्टीवरचा माणूस आधी उतरतो

भाऊजी, तुम्ही भर दुपारी गेलात हे मला मुळीच पटलेलं नाही. जन्मभर आमच्यामागे घोषा लावलात, बाराच्या आत आटपा, बाराच्या आत निघा, बारानंतर कशाला हात घालू नका. ताईची बँकेची कामं बाराच्या आत, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन बाराच्या आत. शेजारच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त दुपारचा निघाला, तर तुम्ही आदल्या दिवशी सकाळीच आहेर देऊन मोकळे झालात. का, तर तिकडे उत्तरेत, बर्फाच्या डोंगरात, दुपारी वारा उठतो, ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते आणि सामानानं भरलेलं विमान जमीन सोडायला तयार होत नाही. तिकडचं ठीक आहे हो. सदाशिव पेठेत कुठलं विमान खोळंबलं होतं? असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पुण्याचे दुकानदार एक ते चार दुकान उगाच बंद ठेवत नाहीत, मेहुणीबाई. त्यांना हवामान कळतं." आणि स्वतःच्या वेळी? ताईनं जेवायला हाक मारली, तुम्ही "आलो" म्हणालात आणि खुर्चीतून उठलाच नाहीत. पानात वाढलेली आमटी तशीच राहिली.

तेरावा परवा झाला. तेव्हापासून माझं पाऊल घरात ठरत नाही. काल मंडईत गेले, भोपळ्याची फोड हातात घेतली, खाली ठेवली आणि रिकाम्या पिशवीनं परत आले. आज सकाळी कात्रजच्या बसमध्ये चढले, शेवटच्या थांब्याला उतरले आणि त्याच बसनं परत निघाले. कंडक्टर म्हणाला, "आजी, काही विसरलात का?" म्हटलं, "हो, कशाला आले होते ते." पायाला भिंगरी लागलीय नुसती. खाली तुमच्याकडे बसावं, तर ती खुर्ची समोर. वर माझ्या खोलीत बसावं, तर खालून तुमचा खोकला ऐकू येत नाही. तुमच्या खोकल्याला मी किती नावं ठेवली आणि आता कान तिकडेच लागलेले असतात.

लोक येतात. "चांगलं मरण आलं हो," म्हणतात. "तुम्हाला हवंय का?" असं अगदी ओठावर आलं होतं, पण ताईनं डोळे वटारले. एका बाईंनी विचारलं, "आपण त्यांच्या कोण?" म्हटलं, "मेहुणी. लग्न केलं नाही, जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, वरच्या मजल्यावर राहते आणि यांच्याशी रोज भांडत होते." बाई चहा न घेताच उठल्या. तुम्ही असतात तर आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसला असतात. ताई मात्र हसली नाही. रडतही नाही ती. तुम्हाला नेलं तेव्हा रडली नाही, तेराव्याला रडली नाही. सकाळी उठते, शब्दकोडं सोडवते, तुमच्या औषधांच्या गोळ्या डबीतून काढून परत डबीत भरते. मला तिची भीती वाटायला लागली होती.

आपलं भांडण सुरू झालं ते ताईला पाहायला आलात त्या दिवशी. मुलगा हवाई दलात आहे, एवढं मध्यस्थानं सांगितलं होतं, त्यामुळे आमच्या आईनं लढाऊ वैमानिकाची तयारी केली होती. तुम्ही म्हणालात, मी मालवाहू विमानांवर लोडमास्टर आहे. आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, हमालांचा मुकादम. मग तुम्ही पोह्यांची बशी बाजूला ठेवून समजावून सांगितलंत, की विमानात काय चढवायचं, किती चढवायचं, कुठं ठेवायचं, कसं आवळून बांधायचं आणि वर माणसं किती बसवायची, हे लोडमास्टर ठरवतो. "चालवतो पायलट," म्हणालात, "पण उडेल की नाही ते मला विचारतो." आणि हे कमी पडलं म्हणून चहा घेऊन आलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि सगळ्यांसमोर माझं वजन सांगितलंत! बरोब्बर सांगितलंत, तोच तर राग. कॉलेजात जाणारी मुलगी होते हो मी. ताई तेवढ्यानं तुमच्यावर खूश झाली. म्हणाली, माणूस सरळ आहे.

सरळ होतातच. डोक्यात सदानकदा तोल. मंडईतून दोन पिशव्या आणायच्या तर दोन्ही हातांना सारखं वजन, बटाटे तळाशी, कोथिंबीर वर. लग्नाला निघताना गाडीत कुणी कुठं बसायचं ते तुम्ही सांगणार, आणि जाड्या आत्याबाई मधे. तांदूळ आणायचा तो एकात एक अशा दोन पिशव्यांतून, कारण तुम्ही विमानाच्या मागच्या दारातून धान्य खाली सोडायचात तेव्हा तशीच दोन पोती असायची. जिथं धावपट्टी नाही तिथं दुसरं करणार काय? आतलं पोतं गच्च, बाहेरचं सैल. जमिनीवर आपटलं की आतलं फाटायचं आणि बाहेरचं सांभाळून घ्यायचं. सोसायटीतल्या पोरांना हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत, की ती तांदळाची पिशवी दिसली की पळत सुटायची.

तुमच्या त्या रविवारच्या गप्पा, सकाळी दहाला, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. आधी डकोटा विमान, दोन इंजिनांची बिचारी. तिला जेवढ्या उंचीसाठी बनवली त्याच्यावर नेली आपल्या लोकांनी. दोन्ही बाजूंचे डोंगर विमानाहून उंच, म्हणून नदीच्या दरीतून वाट काढत जायचं आणि गावकऱ्यांनी सपाट केलेल्या वाळूवर उतरायचं. विमान दमलं असेल म्हणून लोकांनी त्याच्यापुढे गवत टाकलं, ही गोष्ट कुणी सांगितली की तुम्ही चिडायचात. "थापा आहेत. ते लोक आपल्याहून शहाणे." मग ते दोन शेपट्यांचं पॅकेट विमान. त्याला विरळ हवेत धाप लागायची, म्हणून आपल्याच इंजिनिअरांनी त्याच्या पाठीवर एक छोटं जेट इंजिन बसवलं. मग चार इंजिनांचं रशियन, मग दोन इंजिनांचं, जे अजून जातं, मग ट्रक गिळणारं ते अजस्र. खिंडी बर्फानं बंद झाल्या की अर्धं वर्ष सगळं यांच्याच पोटातून. पीठ, रॉकेल, बटाटे, औषधं, जिवंत बकऱ्या, परीक्षेचे पेपर, मतपेट्या. सांगताना तुमचा आवाज कसा चढायचा! मी मागून म्हणायची, "विमानांचा इतिहास झाला. माणसांचा कधी?" तुम्ही वळूनसुद्धा बघायचा नाहीत. "माणूस म्हणजे अंदाजे वजन अधिक सामान, मेहुणीबाई."

लोणच्याची गोष्ट मात्र पोरं मागून घ्यायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ताईनं तुम्हाला लोणच्याची बरणी दिली. पुण्याची बाई ती, झाकण घट्ट लावल्याशिवाय घराबाहेर काही पाठवेल का? वरून मेण ओतलं, त्यावर फडकं, त्यावर दोरी. मालाच्या विमानात आतही बाहेरच्यासारखीच विरळ हवा, हे तिला कोण सांगणार? बरणीतल्या हवेनं डोंगरांच्या वर झाकण उडवून काय तो निकाल लावला आणि सगळं तेल टपालाच्या थैल्यांवर. डोंगरांपलीकडच्या नुब्राच्या खोऱ्यात त्या खेपेच्या प्रत्येक पत्राला हिंगाचा वास. तिथल्या धावपट्टीवर माल उतरवणाऱ्या माणसांचा पुढारी, नोरबू, त्यानं थैलीवरची एक फोड उचलून तोंडात टाकली आणि तुम्हाला विचारलं, हे आणखी कधी येणार? अशी तुमची मैत्री. पुढे दर वर्षी त्याच्यासाठी वेगळी बरणी जायची, सैल झाकणाची. निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात तुमचा एक फोन असायचाच. "नोरबू, बर्फ कितना?" एवढ्या मोठ्यानं, की फोनची काय गरज होती कुणास ठाऊक.

आणि तुमचा तो नियम. रिकामं विमान खाली आणायचं नाही. जाताना माल, येताना माणसं. आजारी, म्हातारे, शिकायला निघालेली मुलं, अडलेल्या बायका, सुट्टीवर घरी निघालेले जवान. पण उंचावरच्या धावपट्टीवरून किती वजन उचलता येईल त्याला मर्यादा, आणि ती तुमच्या तोंडून निघाली की पायलटही वाद घालायचा नाही. ऐन वेळी कुणी आजारी माणूस आला, तर बसलेल्यांपैकी कुणीतरी उतरायचं. कोण, याची चर्चा नाही. सुट्टीवरचा माणूस आधी उतरतो. एका जवानाच्या बहिणीचं लग्न होतं, त्यालाही तुम्ही उतरवलंत. तो तुम्हाला काय काय बोलला, ते तुम्ही पोरांना गाळून सांगायचात आणि मोठ्यांना न गाळता.

पण एक अख्खा हिवाळा तुम्ही गाळायचात. पॅकेट विमानाच्या गोष्टी रंगात आल्या की मधेच उडी मारून रशियन विमानावर. बाकी कुणाला कळायचं नाही. मला कळायचं, आणि मी खुर्ची सरकवून बाहेर जायची.

त्या हिवाळ्यात ताईला सातवा होता. अचानक त्रास सुरू झाला, दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला बोलावून घ्या. निरोप तुमच्यापर्यंत पोचला, सुट्टी मिळाली, तुम्ही खाली येणाऱ्या विमानात बसलात, इथवर आम्हाला समजलं होतं. पुढे काही नाही. मी एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसलेली. अख्ख्या शहराच्या लाइनी माझ्या हाताखाली आणि मला एक माणूस सापडत नव्हता. चंडीगडच्या ऑपरेटरला मी इतकं पिडलं, की तिनं शेवटी हवाई दलाच्या कुठल्याशा ऑफिसात जोडून दिलं. तिकडचा माणूस म्हणाला, "वो तो उतर गए, बहनजी. टेक-ऑफ से पहले एक औरत को लाए थे, बच्चा अटक गया था. साथ में सास थी, और जगह एक की ही बची थी. साहब ने अपनी जगह दे दी." मग म्हणाला, आता हवा बिघडली, काही दिवस विमान नाही.

मुलगी होती. मी पाहिली. ताईला दाखवली नाही, तेव्हा तशीच पद्धत होती. तुम्ही आलात तेव्हा सगळं उरकलं होतं. पुण्याच्या हवेत तो जाडजूड कोट घालून दवाखान्याच्या जिन्यात बसलात. कोट काढा, असं कुणी म्हटलं नाही आणि तुम्हीही काढला नाहीत. मी वर जाताना तुमच्या अंगावरून गेले आणि बोलले नाही.

पुढे बोलले, भरपूर बोलले. "दुसरं कुणी नव्हतं उतरायला?" "होते." "मग?" "नियम माझाच होता, मंदा." "खड्ड्यात गेला तुमचा नियम!" आपला हा संवाद किती दिवाळ्यांना झाला असेल. ताईला पुन्हा दिवस राहिले नाहीत. मी तिच्याकडे बघायची आणि मला तो जिना दिसायचा. ताई मधे पडायची नाही. उठून स्वयंपाकघरात जायची आणि मी समजायची, की मी बोलते ते तिच्याच मनातलं बोलते. ती बोलत नाही म्हणून मी बोलायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आणि तुम्ही माझ्याशी कसे वागलात? मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या भावांनी माझ्यासाठी कुठंतरी खोली बघायला सुरुवात केली होती. तुम्ही त्यांना चहाला बोलावून म्हणालात, "मंदा कुठं जाणार नाही. घराचा तोल तिच्यावर आहे, ती हलली तर सगळं एका बाजूला कलंडेल." मी दाराआड होते. ऐकलं नाही असं दाखवलं. मी पाय मोडून घेतला तेव्हा महिनाभर माझा डबा घेऊन तुम्ही जिना चढलात. गुडघे दुखायचे तुमचे, मला वरून ऐकू यायचं, दर तिसऱ्या पायरीला थांबायचात. वर आलात की मी म्हणायची, "आमटी सांडली वाटतं?" भाऊजी, मी तुमच्याशी भांडत राहिले, कारण भांडण संपलं असतं तर मला तुमचे आभार मानावे लागले असते आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. मला तुम्ही फार आवडायचात. हे कुणाला सांगू आता?

तर आज. कात्रजहून परत आले, तर दुसऱ्या मजल्यावरचे ते निवृत्त प्राध्यापक ताईसमोर बसलेले. "देवमाणूस हो, देवमाणूस," असं तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझा ताबा सुटला. म्हटलं, "देवमाणूस खरेच. दुसऱ्यांच्या बायकांसाठी." प्राध्यापकांना काही कळलं नाही, पण उठावं एवढं कळलं. दार लागलं आणि ताई म्हणाली, "मंदे, पुरे आता."

एवढ्या वर्षांत ती मला असं कधी म्हणाली नव्हती. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच बोलते ना मी."

"माझ्यासाठी नको बोलूस. माझं भांडण वेगळं होतं."

"कसलं वेगळं? ते उतरले, हेच ना?"

"नाही गं," ताई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? वर्षभर तेच होतं. पण ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, तिचं काय झालं? त्या बाईचं? म्हणाले, माहीत नाही. विचारलं नाही. मी म्हटलं, विचारा. तर म्हणाले, आमच्यात माल उतरवून दिला की हात सुटला, त्या पिठाच्या पोळ्या झाल्या का, हे आम्ही विचारत नाही. मंदे, मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही ती यावरून. तुम्हाला सगळ्यांना वाटलं, ते वेळेवर आले नाहीत म्हणून."

मी खाली बसले.

"पुढे दर हिवाळ्यात एकदा विचारायची मी. उठून गॅलरीत जायचे. एकदाच बोलले. म्हणाले, ती वाचली नसेल तर मग आपलं पोर कशासाठी गेलं? नको विचारायला. विचारलं नाही तोवर ती आहे." ताईनं ती गोळ्यांची डबी बाजूला सारली. "मी म्हटलं, मला नाही असं जमत. मला समजायला हवं. तिचं तरी राहिलं का, एवढंच. पण ते असेपर्यंत त्यांच्या पाठीमागे विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आता ते नाहीत. त्यांचा फोन आण. नोरबूला कळवायचंच आहे ना, ते गेले म्हणून? लाव फोन."

भाऊजी, जन्मभर मी लोकांना लाइनी जोडून दिल्या. कोण मेलं, कोण जन्मलं, कुणाचं मोडलं, सगळं माझ्या कानांवरून गेलं. लाइन लागली की विचारून टाकावं, उगाच घुटमळू नये, हे माझं तत्त्व. मी नोरबूचा नंबर लावला. हिवाळा नसताना तुमच्या नंबरावरून फोन आलेला पाहून तो आधी खूश झाला, "साहब! इस मौसम में?" मग मी सांगितलं. रडला तो, म्हातारा माणूस, मोकळा रडला. म्हणाला, इथे दिवा लावतो. आता पुढचं विचारायचं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोर ताई बसलेली, हात मांडीवर, माझ्या तोंडाकडे बघत. तो जर म्हणाला, की नाही वाचली, तर हिचं काय होईल? मी "अच्छा, रखती हूँ," म्हणून टाकलं. खरंच म्हटलं. तुम्ही गॅलरीत का जायचात ते मला त्या क्षणी कळलं आणि तुमचा इतका राग आला आणि तेवढीच माया वाटली.

ताईनं फोन माझ्या हातातून घेतला. "नोरबूजी, मी बोलतेय, साहेबांची बायको," मराठीतच म्हणाली, मग हिंदीत वळली. "बहुत साल पहले ये एक बार हवाई जहाज से उतर गए थे. एक औरत के लिए. उसका क्या हुआ?"

मी फोन तिच्या हातात असतानाच स्पीकर सुरू केला. नोरबू क्षणभर गोंधळला.

"कौन, डोल्मा की माँ? वो तो अभी तीन-चार साल पहले गई, भाभीजी. बहुत बूढ़ी होकर गई. डोल्मा यहीं है, मेरे पड़ोस में ब्याही है. पिछले साल उसके बेटे की शादी हुई."

"डोल्मा कौन?"

"वही बच्ची, भाभीजी. चंडीगढ़ में हुई थी ना. उसको सब मालूम है, एक साहब उतरे थे, तब वो हुई. साहब का फोन आता था तो कितनी बार यहीं बैठी होती थी, चाय वही बनाती थी. मैं एक बार बताने भी लगा था, साहब ने मौसम की बात छेड़ दी. मैंने सोचा, साहब को मालूम होगा." मग त्याचा आवाज बदलला. "साहब को मालूम नहीं था?"

ताईनं विचारलं, डोल्मा आत्ता कुठं आहे? नोरबू म्हणाला, डोल्मा शेतात गेलीय, संध्याकाळी बोलणं करून देऊ का? ताई म्हणाली, "उद्या. उद्या करा." आणि फोन ठेवला.

मग तुमच्या खुर्चीकडे वळली. तुम्हाला जन्मभर अहो म्हणणारी माझी बहीण, नाव घ्यायला लावलं तरी लाजणारी, ती ओरडली, "अरे, विचारायचंस ना रे! एवढंसं विचारायला काय झालं होतं तुला?" आणि रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिला धरलं, पण ती आवरेना. एकाच वेळी हसत होती, तुम्हाला शिव्या देत होती, "तिथं चहा करत होती रे ती, तिथंच चहा करत होती," म्हणत होती. खालच्या मजल्यावरचे लोक दारात आले. मी त्यांना हातानंच परत पाठवलं.

आत्ता ती झोपलीय. उद्या डोल्माशी काय बोलायचं ते तिनं दहा वेळा ठरवून दहा वेळा बदललंय. मला अजून बसवत नाही, या खोलीतून त्या खोलीत चाललंय माझं. त्या वेळी मी चंडीगडला जोडलेली लाइन तुमच्यापर्यंत पोचली नव्हती आणि नंतर तुम्ही कुणाची पोचू दिली नाहीत. पण निरोप आलाय, आणि आलेला निरोप ज्याचा त्याला द्यायचा, हे माझं काम आहे. ऐका, भाऊजी. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.